गारगोटीच्या पश्चात

"अहो, रोज परक्या माणसांबद्दल इतकं चांगलं चांगलं लिहिता, मग पोटच्या पोरीबद्दल दहा ओळी लिहायला काय धाड भरलीय?" औषधांच्या दुकानात कामावर निघताना चपला शोधता शोधता बायकोनं विचारलं. कालवशरावांनी टेबलावरचा कोरा कागद सरळ केला.

प्रश्न रास्त होता. कालवशराव एका दैनिकात निधनवार्तांचं पान सांभाळत. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण ऑफिसात ते पगाराच्या दिवसापुरतंच वापरात असे. 'कैलासवासी', 'वैकुंठवासी' असे शब्द त्यांनी पानावरून हद्दपार केले होते. "तसं लिहिलं की माणूस नक्की कुठे गेला ते आपण छापतो. आपल्याकडे त्याचा पुरावा असतो का? कालवश लिहा. पत्ता द्यावा लागत नाही," असं ते नव्या उपसंपादकांना शिकवत. तेव्हापासून ते स्वतःच कालवशराव झाले. बातमी चुकली नाही, वय चुकलं नाही, पान कधी उशिरा गेलं नाही, असा त्यांचा लौकिक होता.

मुलीला घरीदारी सगळे गारगोटी म्हणत. चालायला लागली तेव्हापासून ती दगड गोळा करत होती. तिच्या पलंगाखाली दगड होते, पुस्तकांच्या फळीवर दगड होते, आणि एकदा तर डाळीच्या डब्यात निघाले होते. आता शाळेचं शेवटचं वर्ष होतं. तिला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं, आणि तेही एकाच कॉलेजात, कारण त्या कॉलेजच्या मागे एक जुनी खाण होती. जागा मोजक्याच होत्या. अर्जासोबत गुण, शाळेतल्या एका शिक्षकाचं शिफारसपत्र आणि 'पालकांचे निवेदन' एवढं लागत होतं. गुण होते. बाकीच्या दोन गोष्टींनी घराची झोप उडवली होती.

"बाबा, तू फक्त मी कशी आहे ते लिही," गारगोटी म्हणाली. "म्हणजे खरं लिही, पण फार खरं नको. आणि मी ते वाचणार नाही हं, मला लाज वाटते. आणि दगडांचं लिही. आणि मागच्या वर्षी मी पाहुण्यांच्या गाडीच्या डिकीत भरून ठेवलेल्या दगडांचं लिहू नको. आणि..."

"अगं, श्वास घे," आजी आतून म्हणाली.

कालवशरावांची खरी अडचण वेगळीच होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. जिवंत माणसाबद्दल त्यांना काही सुचतच नसे. जिवंत माणूस म्हणजे अर्धवट बातमी. उद्या तो काय करेल याचा भरवसा नाही, मग त्याच्याबद्दल ठाम विधान करायचं कसं? गेलेल्या माणसाचं तसं नसतं. त्याचा स्वभाव ठरलेला असतो.

तीन-चार दिवस कागद कोराच राहिला. शेवटी एका संध्याकाळी, ऑफिसात पान लावायची घाई असताना, त्यांच्या हाताला लय सापडली. एक निवृत्त स्टेशनमास्तर, शिवणक्लास चालवणाऱ्या एक बाई आणि हौशी बासरीवादक अशी तिघांची रवानगी करून झाली होती. हात गरम होता. पान शिपायाच्या हातात पडायला थोडा अवकाश होता. कालवशरावांनी चौथी फाइल उघडली आणि एका दमात लिहून काढलं:

'मनमिळाऊ व मितभाषी स्वभावामुळे ती सर्वांना हवीहवीशी वाटत असे. भूगर्भशास्त्राची तिला विलक्षण ओढ होती. दगड गोळा करण्याचा छंद तिने अखेरपर्यंत जोपासला. तिच्या जाण्याने घरात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. तिच्या पश्चात आई, वडील व आजी असा परिवार आहे.'

त्यांनी ते नेहमीच्या सवयीनं दोनदा तपासलं. ऱ्हस्वदीर्घ बरोबर होतं. मजकूरही त्यांना चोख वाटला. 'अखेरपर्यंत' म्हणजे शाळेच्या अखेरपर्यंत. 'जाण्याने' म्हणजे वसतिगृहात जाण्याने. 'पश्चात' म्हणजे ती तिकडे गेल्यावर घरात राहणारी माणसं. 'पोकळी' लिहिताना तर त्यांनी खिशातला रुमाल चाचपला होता. त्यांनी ऑफिसच्या संगणकावरूनच निवेदन कॉलेजला पाठवून दिलं आणि घरी येऊन जाहीर केलं, "झालं. चांगलं उतरलंय."

राहिलं शिफारसपत्र. ते द्यायचं होतं भूगोलाच्या सरांनी. या सरांना शाळेत समाधानकारक सर म्हणत, कारण वहीवर ते एवढा एकच शेरा देत. पहिल्या आलेल्या मुलालाही समाधानकारक आणि नकाशात समुद्र डोंगरावर चढवणाऱ्यालाही समाधानकारक. त्यांचं एक तत्त्व होतं.

"विद्यार्थ्याची तोंडावर स्तुती केली की तो बिघडतो," ते म्हणत.

"पण सर, पत्र माझ्या तोंडावर नाही, कॉलेजच्या तोंडावर द्यायचंय," गारगोटी म्हणाली होती.

"बघू."

हे 'बघू' शुक्रवारपर्यंत आलं. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत शाळेकडून पत्र गेलं नाही तर अर्ज बाद होणार होता. आणि नेमक्या शुक्रवारी सकाळी गारगोटीची दाढ ठणकायला लागली. गाल लिंबाएवढा झाला.

"अक्कलदाढ आहे," आई कामावर निघताना म्हणाली. "काढूनच टाक आता. दातांच्या डॉक्टरांना मी फोन केलाय."

"कॉलेजच्या वर्षात अक्कलदाढ काढतात का कुणी?" आजी म्हणाली. पण गारगोटी तोपर्यंत बसस्टॉपकडे निघाली होती. डॉक्टरकडून थेट शाळेत जायचं, सरांच्या दारात ठाण मांडायचं आणि पत्र घेतल्याशिवाय उठायचं नाही, असा तिचा बेत होता.

इकडे शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी सकाळचं टपाल आणि ई-मेल बघायला घेतलं. कॉलेजचं पत्र वरच होतं. बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. 'आपल्या शाळेच्या विद्यार्थिनीच्या निधनाचे वृत्त तिच्या वडिलांच्या निवेदनातून समजले. तिचा अर्ज बंद करण्यात येत आहे. आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत.' खाली कालवशरावांचं निवेदन जोडलेलं होतं.

बाई तशा खंबीर होत्या. एकदम विश्वास ठेवायचा नाही असं त्यांनी ठरवलं. त्यांनी वर्गात विचारायला पाठवलं. गारगोटी गैरहजर होती. मग त्यांनी गारगोटीच्या घरी फोन लावला. तो आजीनं उचलला. आजीला फोनवर बोलायला आवडे, कारण समोरच्याचा चेहरा दिसत नसल्यामुळे त्याला कंटाळा आलाय हे कळत नसे.

"आजी, मी शाळेतून बोलतेय. मुख्याध्यापिका. गारगोटी... खरं का हो?"

"काय खरं?"

"ती... गेली?"

"गेली की. सकाळीच गेली."

बाईंनी टेबलाची कड धरली. "अहो, पण अशी अचानक? आजारी होती का?"

"आजारी कसली? दाढ हो. अक्कलदाढ. कळ अशी मस्तकात गेली म्हणता, मला बघवेना."

"आणि मग कशानं गेली?"

"बसनं."

"अरे देवा! बसनं?"

"मग काय. मी म्हटलं होतं, आईला सोबत घे. तर म्हणे, मी काय आता लहान आहे? एकटीच गेली."

"आजी, स्वतःला सांभाळा," एवढंच बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून पदराआड रडू लागल्या. आजीही जरा गहिवरली. एका दाढेसाठी शाळेनं एवढी आस्था दाखवावी हे तिला फार आवडलं. "येईल की आता तासाभरात," ती बंद फोनमध्ये म्हणाली.

शिक्षकांच्या खोलीत बाईंनी डोळे टिपत सांगितलं, "आधी दाढेचं निमित्त झालं. मग बस." कुणालाच नीट कळलं नाही, पण अशा वेळी खोलात जाऊन विचारायचं नसतं. मधल्या सुट्टीनंतर सभागृहात शोकसभा, त्यानंतर शाळेला सुट्टी, असं ठरलं. घरच्यांना आज फोन करून त्रास द्यायचा नाही, पण वर्तमानपत्रात मात्र बातमी जायला हवी, असंही ठरलं. ते काम शाळेच्या लिपिकाकडे आलं. लिपिक नवा होता. कुणाचे वडील कुठे काम करतात हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं.

दुपारी कालवशरावांच्या टेबलावरचा फोन वाजला.

"बोला. कोण गेलं?" त्यांनी पेन उघडलं.

"शाळेतून बोलतोय. निधनवार्ता द्यायची आहे. आमची एक विद्यार्थिनी."

"अरेरे. वय?"

"सतरा."

"कशानं?"

"आधी दाढ, मग बस."

"हे बघा," कालवशराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "दोन कारणं आम्ही छापत नाही. वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. एक काय ते ठरवा. तोवर नाव सांगा. सावकाश सांगा, नावात चूक नको."

लिपिकानं वहीत बघून नाव सांगितलं. ते नाव कालवशरावांनी स्वतः ठेवलं होतं.

पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. त्याखाली शाईचा ठिपका मोठा होत गेला. वीसेक वर्षं याच टेबलावर त्यांनी अशी नावं लिहून घेतली होती आणि प्रत्येक वेळी 'सावकाश सांगा' म्हटलं होतं. फोनच्या दुसऱ्या टोकाला असणाऱ्या माणसाला ते ऐकताना काय वाटत असेल, हे त्यांना आत्ता पहिल्यांदा कळलं. सकाळी ती सुजल्या गालानंही बडबडत होती आणि ते 'जरा गप्प बस' म्हणाले होते.

"हॅलो? घेतलं का लिहून?" लिपिक म्हणाला. "पुढचं वाचू का? कॉलेजकडून आलाय मजकूर, चांगला आहे. 'मनमिळाऊ व मितभाषी स्वभावामुळे...'"

"काय म्हणालात?"

"मितभाषी. म्हणजे कमी बोलणारी."

"मितभाषीचा अर्थ मला माहीत आहे! पुढे वाचा."

"'दगड गोळा करण्याचा छंद तिने अखेरपर्यंत जोपासला.'"

कालवशराव खुर्चीत मागे रेलले. त्यांचा श्वास परत आला. गारगोटीला मितभाषी म्हणणारा माणूस जगात एकच असू शकत होता, आणि तोही तिला न बघता, फक्त सवयीनं लिहिणारा. वाक्य त्यांचंच होतं. पूर्णविरामही त्यांचाच होता.

"थांबा. ही बातमी छापायची नाही," ते म्हणाले.

"का हो? जागा नाही का?"

"मुलगी आहे!" ते ओरडले. सगळ्या विभागानं माना वर केल्या. कालवशरावांच्या टेबलावरून 'आहे' हा शब्द आजवर कुणी ऐकला नव्हता. "हो, मुलगीच," असं म्हणून लिपिकानं फोन ठेवला.

तरी 'बस' डोक्यातून जाईना. गारगोटी फोन उचलत नव्हती. त्यांनी घरी लावला.

"अरे, मघाशी तिच्या शाळेतल्या बाईंचा फोन होता," आजी खुशीत म्हणाली. "फार मायाळू बाई. दाढेचं ऐकून रडायला लागल्या बघ."

"तू त्यांना काय सांगितलंस?"

"काय सांगणार? गेली म्हटलं. बसनं गेली."

कालवशरावांनी कपाळाला हात लावला आणि दातांच्या दवाखान्यात फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "आत्ताच गेली."

"कुठे गेली ते सांगा! नुसतं गेली म्हणू नका!"

"शाळेत," ती घाबरून म्हणाली. "म्हणजे तसं म्हणाली असावी. तोंड बधिर होतं ना, नीट कळलं नाही."

ते शाळेत पोचले तेव्हा अंगणात चिटपाखरू नव्हतं. सगळी शाळा सभागृहात होती. मागच्या दाराशी, खांबाच्या आड, सुजलेला गाल हातानं धरून गारगोटी उभी होती. कालवशरावांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत दोनदा बघितलं, ज्या पद्धतीनं ते मजकूर तपासत त्याच पद्धतीनं. मग ते तरातरा आत घुसायला निघाले. तिनं त्यांची बाही धरली.

"थांव, वावा," ती कुजबुजली. अर्धं तोंड अजून तिचं नव्हतं. "वोलू दे त्यांना."

समोर व्यासपीठावर समाधानकारक सर उभे होते.

"स्तुती करायची मला सवय नाही," सर म्हणत होते. त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, फक्त मधे मधे तुटत होता. "शाळेमागची टेकडी सगळी बेसाल्टची आहे, असं मी नोकरीला लागल्यापासून शिकवत आलो. ही मुलगी एक दिवस उभी राहिली आणि म्हणाली, सर, पायथ्याला एक पट्टा वेगळा आहे, दाणे मोठे आहेत, तो गॅब्रोचा आहे. मी तिला खाली बसवलं. मग तिनं त्यावर अख्खा प्रकल्प करून दिला. मी त्याच्यावर समाधानकारक असं लिहून परत केला."

सर थांबले. त्यांनी रुमाल काढला आणि तसाच हातात धरला.

"पुढच्या रविवारी मी भिंग घेऊन टेकडीवर गेलो. ती बरोबर होती. इतकी वर्षं मी त्या पट्ट्यावर बसून डबा खाल्ला, पण मला तो दिसला नव्हता. हे मी तिला सांगायला हवं होतं. बघू, सांगू, असं म्हणत राहिलो. दगडाकडे तिच्याइतक्या प्रेमानं आणि तिच्याइतक्या शंकेनं बघणारं कुणी मला भेटलं नव्हतं. अशी विद्यार्थिनी पुन्हा होणे नाही."

गारगोटीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बधिर गालावरून ते कुठवर पोचलं हे तिला कळत नव्हतं. शेजारी कालवशराव खिशातल्या कागदावर भराभरा लिहून घेत होते. कुणी कुणाबद्दल चांगलं बोलायला लागलं की त्यांचा हात आपोआप चालू होत असे.

मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्यांना शांतपणे उभं राहायला सांगितलं. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली. पडली मात्र टाचणी नाही. डोळे पुसायला रुमाल काढताना गारगोटीच्या खिशातून एक दगड निसटला. तो खडखडत, उतरत्या फरशीवरून, मधल्या वाटेनं सरळ पुढे गेला आणि व्यासपीठाच्या पायरीला लागून थांबला.

सर खाली उतरले. त्यांनी तो उचलला, डोळ्यांजवळ धरला.

"गॅब्रो," ते हळवेपणानं म्हणाले. "ती म्हणायची तोच."

"नाही, सर," मागून आवाज आला. "हा वेसाल्टच आहे. दाणे वघा ना. वारीक आहेत."

सरांनी सवयीनं दगड पुन्हा बघितला. "हो, बारीक आहेत खरे," ते म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मान वर केली. सगळ्या शाळेनं माना मागे वळवल्या. कुणीतरी किंचाळलं. मुख्याध्यापिकाबाई खुर्चीवर बसल्या, त्यांच्याखाली खुर्ची होती हा योगायोग. पुढच्या रांगेतल्या एका मुलानं मोठ्यांदा विचारलं, "मग सुट्टी रद्द का?" आणि बाईंनी नकळत मान डोलावली तेव्हा सभागृहातून असा काही हुंदका फुटला, की त्या दुपारचं खरं दुःख त्यातच व्यक्त झालं.

बाईंच्या खोलीत सगळा उलगडा झाला. कालवशरावांनी आपली चूक कबूल केली. बाईंनी त्यांचं निवेदन पुन्हा वाचलं आणि एवढंच विचारलं, "मितभाषी?" मग पाण्याचा पेला रिकामा केला. पण घड्याळ पुढे सरकत होतं. कालवशरावांनी कॉलेजला फोन लावला.

"अहो, तो अर्ज बंद झालाय," प्रवेश विभागातल्या बाई म्हणाल्या. "कारण, अर्जदार हयात नाही."

"हयात आहे. माझ्यासमोर बसलीय. बर्फ चघळतेय."

"असेल हो. पण हे कारण एकदा टाकलं की अर्ज पुन्हा उघडायची सोयच नाही. आजवर कुणी परत आलेलं नाही ना."

"आता आलीय. काहीतरी करा. मी वडील आहे तिचा."

"तुम्हीच ना ते निवेदन लिहिणारे?" बाईंचा आवाज जरा मऊ झाला. "मी रडले हो वाचून. थांबा, विचारून येते." बऱ्याच वेळानं त्या परत आल्या. "साहेब म्हणतात, शाळेचं शिफारसपत्र अजून आलेलंच नाही. ते पाचच्या आत आलं, आणि वर्तमानकाळात असलं, तर अर्ज चालू धरू. पण सगळं वर्तमानकाळात हवं. एक जरी 'होती' सापडलं, तर संशयाला जागा राहते."

सगळ्यांनी सरांकडे बघितलं. सर खिडकीबाहेर टेकडीकडे बघू लागले.

"आता परिस्थिती बदलली आहे," ते म्हणाले. "मघाशी बोललो ते गेलेल्या विद्यार्थिनीबद्दल होतं. जिवंत आहे म्हटल्यावर पुन्हा विचार करावा लागेल. विद्यार्थी बिघडतो."

"सर," कालवशरावांनी खिशातला कागद काढून टेबलावर सरळ केला, "विचार तुमचा झालेला आहे. शब्दन् शब्द मी लिहून घेतलाय. फक्त क्रियापदं बदलायची आणि सही करायची."

सरांनी कागद वाचला. त्यांचे कान लाल झाले. "हे मी बोललो?"

"अख्ख्या शाळेसमोर," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "आणि मी त्यावर रडलेय. आता फिरवू नका."

सरांनी पेन घेतलं आणि दोघे कामाला लागले. 'ती बरोबर होती' इथे सर अडले.

"'ती बरोबर असू शकते' चालेल?"

"पट्टा गॅब्रोचा आहे का नाही?"

"आहे."

"मग 'ती बरोबर आहे'."

सरांनी लिहिलं. एकेक 'होती' खोडून 'आहे' करताना त्यांचा चेहरा असा होत होता, जणू आज दोन दाढा निघत होत्या आणि दुसरी त्यांची होती. कालवशरावांचंही फार वेगळं नव्हतं. इतक्या ओळींत 'आहे' लिहून त्यांच्या मनगटाला रग लागली.

"हे शेवटचं वाक्य मात्र काढू," सर म्हणाले. "'अशी विद्यार्थिनी पुन्हा होणे नाही.' हे फार होतंय."

"राहू द्या ना, सर," गारगोटी बर्फाआडून म्हणाली. "तुम्ही फुन्हा कधी म्हणणार आहात?"

सरांनी तिच्याकडे बघितलं, वाक्य ठेवलं, आणि खाली सही केली. सहीच्या वर, हात थांबायच्या आत, त्यांनी 'एकूण: समाधानकारक' असंही लिहून टाकलं. कालवशराव ते खोडायला पुढे झाले, पण गारगोटीनं त्यांचं पेन काढून घेतलं. "तो शेरा नाही, वावा," ती म्हणाली. "ते त्यांचं नाव आहे."

पत्र वेळेत गेलं. कालवशराव आयुष्यात कुठलीच मुदत चुकले नव्हते, ही तर त्यातली सगळ्यात सोपी म्हणायला हवी, असं ते घरी सांगत, पण तेव्हा त्यांचा हात पाण्याच्या तांब्याकडे जाई. निवेदनही त्यांनी नवं लिहून पाठवलं. ते चारच ओळींचं होतं. त्यात मनमिळाऊ नव्हतं आणि पोकळी नव्हती. पहिलंच वाक्य होतं, 'माझी मुलगी फार बोलते आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर असतं.' हे लिहायला त्यांना अख्खा रविवार लागला.

सुट्ट्या संपता संपता प्रवेशाचं पत्र आलं. कॉलेजनं लिहिलं होतं, की निवड समितीसमोर आलेल्या अर्जांत इतकं मनापासून लिहिलेलं शिफारसपत्र दुसरं नव्हतं, फक्त शेवटचा शेरा समितीला नीट समजला नाही.

ती निघाली त्या सकाळी आईनं औषधांची पिशवी दिली, आजीनं "आईला सोबत घे" असं पुन्हा सांगून बघितलं, आणि बस वळणापलीकडे जाईपर्यंत गारगोटी खिडकीतून काहीतरी सांगत राहिली. घरी येऊन टेकतात न टेकतात तोच फोन वाजला. मुख्याध्यापिकाबाईंना निरोपाच्या शुभेच्छा द्यायच्या होत्या. आजीनं फोन उचलला.

"गेली हो," आजी म्हणाली.

"आजी," पलीकडून सावध आवाज आला, "आधी कुठे गेली ते सांगा. मग कशानं ते सांगा."

कालवशराव तिच्या खोलीत गेले. खोली आवरलेली होती. ती तशी कधीच नसे, म्हणून ती त्यांना ओळखू आली नाही. पलंगाखाली वाकून बघितलं, तर दगड जागच्या जागी होते. चांगले तेवढे नेले, उरलेले सांभाळा, असं ती म्हणाली होती. त्यातला एक त्यांनी उचलून भिंगाशिवायच डोळ्यांजवळ धरला. दाणे मोठे होते की बारीक, त्यांना काही कळेना. आणि कळेना तरी ते बराच वेळ बघत राहिले.

मग त्यांच्या मनात एक वाक्य आपोआप जुळून आलं, नेहमीच्या टेबलावर, नेहमीच्या घाईत यावं तसं. तिच्या पश्चात आई, वडील, आजी व पलंगाखालचे दगड असा परिवार आहे.

त्यांनी ते सवयीनं दोनदा तपासलं. वर्तमानकाळात होतं. चूक एकही नव्हती. पण हे वाक्य त्यांनी कुठेच पाठवलं नाही.